वाचकांचे प्रश्न : गर्व, लीनता आणि देवासमोर उभे राहणे

उपवासकाळात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती. त्यांतले सात प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे लांब होती, म्हणून प्रश्न थोडक्यात मांडले आहेत.

मी मंडळीच्या गायनमंडळात आहे. काही कडवी एकटीने गाते. उपासना सुटली की लोक कौतुक करतात आणि मला ते हवेसे वाटते. घरी गेल्यावर मात्र अपराधी वाटते. गाणे सोडून द्यावे का?
– एक भगिनी, नगर

सोडू नका. कौतुक ऐकून बरे वाटणे हा गर्व नव्हे. भाजी चांगली झाली असे कोणी म्हटले तर स्वयंपाक करणारीला आनंद होतोच. गर्वाची लक्षणे वेगळी आहेत. पुढच्या रविवारी तेच कडवे दुसरीला मिळाले की तिचा सूर कुठे उतरतो याकडे कान लागतात. गाताना शब्द देवाकडे जायचे, ते समोरच्या बाकांवर कोण मान डोलावते आहे हे पाहण्यात हरवतात. एखाद्या रविवारी कोणी काहीच बोलले नाही, तर उपासनाच फुकट गेली असे वाटते. यांतले काही होत असेल तर लक्ष द्या. नीतिसूत्रे 27:21 म्हणते की रुप्यासाठी मूस, सोन्यासाठी भट्टी आणि माणसासाठी त्याची होणारी प्रशंसा. मुशीत टाकल्यावर रुप्यातला गाळ वर येतो. तुमचा वर आला आहे, एवढाच याचा अर्थ.

कोणी कौतुक केले तर ‘धन्यवाद, आनंद वाटला’ एवढे म्हणून थांबा. ‘अहो, मी कुठली, मला काय येतंय’ असे लांबण लावू नका. त्यावर समोरचा ‘छे छे, तुमच्यासारखा आवाज नाही’ म्हणतो आणि कौतुकाचा दुसरा हप्ता वसूल होतो. घरी गेल्यावर जेवायला बसण्याआधी दोन मिनिटे देवासमोर बसून आजच्या गाण्यात आपले नसलेले काय काय होते ते नावानिशी मोजा : आवाज, चाल शिकवणारे, पेटीवाला, तबलेवाला, सकाळी लवकर येऊन दार उघडणारा आणि सतरंजी घालणारा. पौलाचा 1 करिंथ 4:7 मधला प्रश्न हाच आहे : तुला दिलेले नाही असे तुझ्याजवळ आहे तरी काय?

मग पुढचे चार रविवार एकटीने गायचे कडवे दुसऱ्या बहिणीला द्या आणि स्वतः मागच्या सुरात गा. नुसते देऊन बाजूला होऊ नका, त्यातली अवघड जागा तिच्याकडून नीट बसवून घ्या. ती तुमच्यापेक्षा चांगली गायली तर पोटात जे ढवळेल त्याला ‘हेवा’ असेच नाव देऊन ते देवासमोर ठेवा. ‘थोडे वेगळे वाटले’ असे म्हणू नका.

‘प्रभू, मला नम्र कर’ ही प्रार्थना मी वर्षानुवर्षे करतो. फरक पडलेला दिसत नाही. रोज करता येईल असे काही ठोस सांगा.
– निवृत्त शिक्षक, सोलापूर

त्या प्रार्थनेत चूक अशी नाही, पण ती फार मोघम आहे. डॉक्टरांना ‘मला बरे करा’ एवढेच सांगून दुखणारी जागा न दाखवण्यासारखे ते होते. शिवाय 1 पेत्र 5:6 आणि याकोब 4:10 मध्ये ‘लीन व्हा’ ही आपल्याला केलेली आज्ञा आहे. सगळे देवावर सोपवून आपण बघत बसावे असे तिथे सुचवलेले नाही.

लूक 18 मधला मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या दोघांचा दाखला पुन्हा वाचा : एक परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, आणि दुसरा जकातदार. आधी परूशी पाहा. त्याच्या प्रार्थनेची सुरुवात अगदी योग्य आहे, तो देवाचे आभार मानतो. तो खोटेही बोलत नाही. नियमशास्त्राने वर्षातून एकच उपवास ठरवून दिला होता, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. हा आठवड्यातून दोनदा करतो. दशांश तर सगळ्याच उत्पन्नाचा देतो. बिघडते ते एका ठिकाणी : ‘ह्या जकातदारासारखा नाही.’ तो देवासमोर उभा आहे, पण मोजपट्टी मात्र शेजाऱ्याची घेऊन आला आहे. जकातदाराची ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ ही प्रार्थना मूळ ग्रीकमध्ये सहा शब्दांची आहे आणि तिच्यात देव आणि तो स्वतः यांच्याखेरीज तिसरे कोणीच नाही. हीच कसोटी धरून पुढचा क्रम आखला आहे.

रात्रीच्या जेवणानंतर, डोळ्यांवर झापड येण्याच्या आधी, बारा मिनिटे काढा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. गुडघे साथ देत असतील तर गुडघे टेका, नसतील तर खुर्चीवर ताठ बसा. पहिली दोन मिनिटे आज मिळालेल्या आणि स्वतः न कमावलेल्या तीन गोष्टींबद्दल आभार माना. मग एक मिनिट स्तोत्र 139:23-24 हळू म्हणा, म्हणजे झडती घेणारे तुम्ही नसून देव आहे हे लक्षात राहील. पुढची पाच मिनिटे सकाळपासूनचा दिवस डोळ्यांखालून घाला आणि चारच ठिकाणी थांबा : कोणाचे बोलणे मी मध्येच तोडले, न विचारता माझे कर्तृत्व कुठे सांगितले, कोणाची स्तुती मला टोचली, आणि ‘चुकलो’ म्हणायचे तिथे खुलासा करत बसलो का. दोन मिनिटांत त्यांतली एकच गोष्ट निवडा आणि ती पूर्ण वाक्यात कबूल करा. ‘मी गर्विष्ठ आहे’ हे चालणार नाही. ‘दुपारी जेवताना जावयाने बँकेबद्दल सांगायला सुरुवात केली, आणि मला जास्त कळते हे दाखवायला मी त्याला गप्प केले’ हे चालेल. त्या वाक्यात जावयाची एकही चूक येता कामा नये. मग एक मिनिट 1 योहान 1:9, म्हणजे पाप कबूल केले तर देव क्षमा करतो हे वचन, मोठ्याने म्हणा. शेवटच्या मिनिटात उद्या करायची एक कृती ठरवा, उदाहरणार्थ जावयाला फोन करून त्याचे ते बोलणे पूर्ण ऐकणे.

हा साचा आमचा नाही. सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची तपासणी, क्षमायाचना आणि सुधारणेचा निश्चय अशी पाच अंगे सांगितली. कॅथलिक घरांत हे ओळखीचे आहे. प्रॉटेस्टंट वाचकांनी बिचकण्याचे कारण नाही, यात पवित्र शास्त्राबाहेरचे काही नाही.

हे बिघडते कुठे, तेही सांगायला हवे. काहींच्या हातून त्या पाच मिनिटांचा पंचनामा होतो. वीस पापांची यादी निघते आणि माणूस रात्रभर तळमळतो. ज्यांचे मन मुळातच हळवे आहे त्यांनी तपासणी निम्मी करावी, आभाराची वेळ दुप्पट करावी आणि पाळकांशी किंवा फादरांशी बोलून घ्यावे. दुसरा बिघाड तिसऱ्या आठवड्यात होतो : ‘आता मी बराच निवळलो’ असे वाटू लागते. म्हणून वही घालू नका, गुण देऊ नका. आठवण ठेवायला चिठ्ठी लागली तर ती आठवडाभरच ठेवा आणि शनिवारी फाडून टाका.

आणि याची वाच्यता नको. उपवास करताना डोक्याला तेल लाव, तोंड धू, असे येशूने सांगितले (मत्तय 6:17) ते लोकांना कळू नये म्हणून. आज ‘21 दिवसांच्या उपवासाचा आठवा दिवस’ असे स्टेटस लावले जाते. तेल लावायचे सोडून त्याचा फोटो काढण्यातला हा प्रकार.

पंचकमिटीत मी दोन वर्षांच्या हिशोबाबद्दल प्रश्न विचारला. ‘तुमच्यात लीनता नाही’ असे मला सर्वांसमोर सुनावले गेले. लीन माणसाने गप्प बसावे काय?
– मंडळीचे एक पंच, पुणे जिल्हा

नाही. गणना 12:3 मध्ये ज्याला भूतलावरचा सर्वांत नम्र पुरुष म्हटले आहे तो मोशे फारोच्या तोंडावर उभा राहिलेला माणूस आहे. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याच्या पापाबद्दल ‘तो माणूस तूच’ म्हटले. अंत्युखियात पौलाने पेत्राला सर्वांदेखत विरोध केला. पैशाच्या बाबतीत तर पौलच सर्वांत कडक निघाला. 2 करिंथ 8:20-21 वाचा : वर्गणी पोचवताना कोणी बोट दाखवू नये म्हणून त्याने सोबत आणखी माणसे दिली. प्रभूच्या दृष्टीनेच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही व्यवहार नीट असावा, असे तो म्हणतो. हिशोब मागणाऱ्याला गर्विष्ठ ठरवणारी कमिटी पौलालाही गर्विष्ठच ठरवील.

तरीही आरोप सोळा आणे खोटा आहे असे धरून चालू नका, त्यातले दोन आणे तपासा. मागच्या कमिटीत तुमच्या माणसांकडे वह्या होत्या तेव्हा तुम्ही हाच प्रश्न विचारला होता का? उद्या सगळा हिशोब चोख निघाला तर तुम्हाला हायसे वाटेल की हिरमोड होईल? आणि तसे निघाल्यास ज्या सभेत शंका घेतली त्याच सभेत उठून ‘माझी शंका चुकीची होती’ असे म्हणाल का, आणि ते कार्यवृत्तात नोंदवून घ्याल का? तिन्हींची उत्तरे देवासमोर द्यायची आहेत, आम्हाला कळवायची गरज नाही.

मत्तय 18:15-17 हा परिच्छेद अपराधी भावाविषयी आहे, पण त्याचा क्रम इथेही उपयोगी पडतो. आधी खजिनदारांना एकटे भेटा. ‘घोटाळा आहे’ म्हणू नका, नेमके सांगा : अमुक महिन्यातले दानार्पण, अमुक दुरुस्तीचा खर्च, अमुक पावती पाहायची आहे. उत्तर मिळाले नाही तर कमिटीतल्या दोघांना घेऊन पुन्हा भेटा. मग लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. त्यानंतर सभा. बहुतेक ठिकाणी पहिली पायरी गाळली जाते. सर्वांसमोर विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला समोरचा उत्तर देत नाही, स्वतःला वाचवतो. मग विषय हिशोबाचा न राहता दोन घराण्यांचा होतो. आणि ते भांडण पावत्या सापडल्यावरही मिटत नाही.

एक गोष्ट पुढाऱ्यांसाठी. 1 पेत्र 5:5 मध्ये ‘तुम्ही सर्व’ नम्रतारूपी कमरबंद बांधा असे आहे, आणि त्याच्या दोनच ओळी आधी वडिलांना धनीपण गाजवू नका असे बजावले आहे. हे वचन फक्त खालच्या बाकांकडे बोट करून वाचता येत नाही. याच ओघात नाव न घालता आलेल्या एका पत्राला उत्तर : नवऱ्याचा मार सोसणे म्हणजे लीनता, असे तुम्हाला कोणी सांगितले असेल तर ते चूक आहे. आधी सुरक्षित जागी जा.

आमचे घराणे चार पिढ्यांचे ख्रिस्ती. मुलीसाठी स्थळ पाहताना समोरचे घर ‘कुठून आलेले’ आहे हे विचारणे गर्व ठरतो का?
– एक पालक, मुंबई

‘कुठून आलेले’ याचा अर्थ नगर की नाशिक असा असेल तर काही हरकत नाही. तो तसा नसतो हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. बाप्तिस्म्याच्या पाण्यात आजोबांनी जे सोडले ते नातवंडांच्या लग्नात काठावरून उचलून घरी आणायचे, असे आपल्याकडे होते. पौलाने फिलिप्पै 3:5-6 मध्ये आपल्या मोठेपणाच्या सात गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांतल्या पहिल्या चार कुळाच्याच आहेत : आठव्या दिवशी सुंता, इस्राएल वंश, बन्यामीन वंश, इब्र्यांपासून जन्मलेला इब्री. दोनच ओळींनंतर तो या सगळ्याला केरकचरा म्हणतो. ‘चार पिढ्यांचे ख्रिस्ती’ ही त्या यादीतली आठवी ओळ आहे.

हे एका दिवसात सुटत नाही, हेही खरे. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आत्मचरित्रात सोवळे कसे हळूहळू सुटले ते लिहून ठेवले आहे. पती ना. वा. टिळक ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्या घरी राहायला आल्या तरी सुरुवातीला त्यांची चूल वेगळी होती. त्यांचा जातिभेद आधी गेला, बाप्तिस्मा नंतर झाला. आपल्याकडे पुष्कळदा क्रम उलटा दिसतो. मुलाचे शिक्षण, स्वभाव, व्यसन, कर्ज, प्रार्थनेची सवय यांची चौकशी जरूर करा. आडनावावरून पुढचा प्रश्न ओठांवर आला की तो गिळा. आणि त्या घरी जेवायला बसा.

वडिलांशी भांडण झाले, चूक माझी होती. माफी मागायला जातो आणि पुन्हा भांडूनच परत येतो. नेमके कसे बोलावे?
– तरुण, पिंपरी

बहुतेक माफ्या ‘पण’ या शब्दावर मोडतात. ‘मी ओरडलो, पण तुम्हीही…’ म्हटले की पहिले अर्धे वाक्य पुसले जाते. ‘तुम्हाला वाईट वाटले असेल तर’ हेही नको, त्यात दोष त्यांच्या वाटण्यावर जातो. चार वाक्ये पुरतात : ‘बाबा, परवा काकांसमोर मी तुमच्यावर ओरडलो. ते चुकीचे होते. मला क्षमा करा. काकांना मी आजच फोन करून सांगतो.’ मग गप्प राहा. हे गप्प राहणेच अवघड असते. ते दहा मिनिटे जुना पाढा वाचतील, त्यातले तीन मुद्दे चुकीचेही असतील. ते दुरुस्त करायला आज आलेला नाहीत. आणि त्यांनी लगेच ‘बरं’ म्हणावे अशी अपेक्षाही धरू नका. कदाचित ते नुसते ‘जेवलास का’ म्हणतील. वडिलांच्या भाषेत पुष्कळदा तीच क्षमा असते.

व्हॉट्सअ‍ॅपवर मागू नका. मत्तय 5:23-24 मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जा, असे आहे. ती वेदी यरुशलेमेत होती आणि ऐकणारे गालीलातले, म्हणजे साधारण तीन दिवसांची पायपीट, तीही एका बाजूची. पिंपरीहून तुम्हाला फार तर एक बस बदलावी लागेल.

जिथे पैशाचे किंवा वस्तूचे नुकसान झाले असेल तिथे शब्द पुरत नाहीत. गणना 5:7 प्रमाणे अपराध कबूल करून मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा असे. लूक 19 मधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने चौपट परत करीन म्हटले. पाचवा हिस्सा हा चांगला हिशोब आहे : 5,000 रुपये बुडवले असतील तर 6,000 द्या.

मी स्वतःला नेहमी ‘मी कोणीच नाही’ असे म्हणते. हीच लीनता ना?
– वाचक, नाशिक

नसावी. शौल राजा निवडला गेला तेव्हा सामानसुमानात लपून बसला होता, स्वतःच्या दृष्टीने तो क्षुद्र होता. त्याच शौलाने पुढे कर्मेलात स्वतःचे स्मारक उभारले. चूक उघडी पडल्यावर तो शमुवेल संदेष्ट्याला म्हणाला : मी पाप केले आहे, तरी वडीलजनांसमोर माझा मान राख (1 शमुवेल 15:30). क्षुद्र वाटणे आणि मान हवा असणे एकाच घरात सुखाने नांदतात, कारण दोघांचे डोळे लोकांकडेच लागलेले असतात. महापुरात लव्हाळे वाचते असे आपण म्हणतो, पण लव्हाळे वाकते ते वाचण्यासाठी. फिलिप्पै 2:8 मधला लीन झालेला ख्रिस्त वाचला नाही, त्याने वधस्तंभावर मरण पत्करले. ‘मी कोणीच नाही’ म्हणण्याऐवजी एक महिनाभर स्वतःबद्दल खरे तेवढेच बोला. पुरणपोळी चांगली येत असेल तर ‘येते’ म्हणा. हिशोब जमत नसेल तर ‘जमत नाही, दाखवाल का?’ असे विचारा.

आमच्या धर्मग्रामात पवित्र गुरुवारी पाय धुण्यासाठी दरवर्षी तीच वजनदार बारा नावे निवडली जातात. यंदा मला विचारले आहे, पण संकोच वाटतो. नाही म्हणावे का?
– एक आजोबा, वसई

निवडीबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे. बारा पुरुषच हवेत असेही आता राहिलेले नाही. 2016 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार निघालेल्या आदेशाने स्त्रिया, तरुण, वृद्ध, आजारी अशा सर्व श्रद्धावंतांतून लहानसा गट निवडण्याची मोकळीक दिली आहे. फादरांना आधीच भेटून हे सुचवा, शक्यतो सणाच्या महिनाभर आधी. आदल्या आठवड्यात याद्या ठरून गेलेल्या असतात.

पण तुमचा संकोच वेगळा तपासून पाहा. येशू शिष्यांचे पाय धुवू लागला तेव्हा ‘माझे पाय कधीही धुवायचे नाहीत’ असे पेत्रही म्हणाला होता, आणि ते ऐकायला नम्र वाटते. येशूने ते मान्य केले नाही (योहान 13:8). वाकून दुसऱ्याचे पाय धुणे पुष्कळांना जमते, त्यात करणारा आपणच असतो. आपला भेगाळलेला पाय दुसऱ्याच्या हातात देणे जड जाते. उतारवयात हे रोजच समोर येते : बसमध्ये कोणी जागा दिली की ‘नको, मी उभा राहतो’, सुनेने औषधाची बाटली उघडून दिली की ‘मला येते’.

तेव्हा यंदा हो म्हणा. जाताना घरी पाय साबणाने घासून जाऊ नका. बारा जणांपैकी बहुतेक जण आधीच स्वच्छ धुतलेले पाय घेऊन येतात आणि फादरांना धुवायला काही उरत नाही. मोजा नको, पट्ट्याची चप्पल घाला म्हणजे लवकर काढता येते. गुडघा वाकत नसेल तर सेवकाला आधी सांगून उंच खुर्ची ठेवून घ्या. पाणी पायावर पडेल तेव्हा खाली न बघता पाय धुणाऱ्याकडे बघा.